काळा पाषाण, जांभा आणि पाऊस : १२ कृष्णधवल प्रिंटच्या कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२४

काम ठरलं ते असं. पावसाळ्यातला दगड, १२ चौकटी, सगळ्या कृष्णधवल, सगळ्या ए३+ कागदावर. निम्म्या वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरच्या काळ्या पाषाणाच्या, निम्म्या कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांच्या, म्हणजे नुसत्या रचलेल्या दगडी भिंतींच्या. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फुल-फ्रेम, ६००० × ४००० पिक्सेल. लेन्स दोनच, ३५ आणि ८५ मिमी. रूपांतर डार्कटेबलमध्ये, शेवटचा हात गिंपमध्ये, दोन्ही संगणकावरची फोटो-संपादनाची सॉफ्टवेअरं.

दोन दगड मुद्दाम निवडले. काळा पाषाण रंगाने जवळपास करडाच असतो, तिथे रंगाचे चॅनेल (लाल, हिरवा, निळा) इकडेतिकडे करून फारसं काही हाती लागत नाही. सगळा खेळ उजेडाचा. जांभ्याचं उलट. तांबडा दगड आणि त्यावरचं हिरवं शेवाळ डोळ्याला लखलखीत वेगळं दिसतं आणि करड्यात एकमेकांत विरून जातं. म्हणजे दोन्हींना एकच प्रीसेट लावणार असू तर काम सुरू करायच्या आधीच थांबवलेलं बरं.

प्रिंटचा हिशोब आधी करून ठेवला. छपाई ३६० पीपीआयला (दर इंचाला ३६० पिक्सेल), म्हणजे ६००० पिक्सेलला १६.६७ इंच, मिलिमीटरमध्ये ४२३ × २८२. ए३+ कागद ४८३ × ३२९ मिमी, तेव्हा लांबीच्या बाजूंना ३० आणि रुंदीच्या बाजूंना साधारण २३ मिमी समास उरतो. पिक्सेल वाढवायची गरज नाही. मात्र चौकट कापायची मुभाही नाही, ती जागेवरच बरोबर बसवायची.

१४ जुलै

मेणवली. सकाळी ७ ते ९.३०, आभाळ पूर्ण झाकलेलं, अधूनमधून भुरभुर. धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात. आज खालून चौथ्या पायरीपर्यंत पाणी.

सेटिंग : आयएसओ १००, एफ/८, १/८ सेकंद, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर. एफ/११ च्या पुढे जायचं नाही असं ठरवून टाकलं. या सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा. एफ/८ ला विवर्तनाचं (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचं) वर्तुळ साधारण ११ मायक्रॉन पडतं, एफ/१६ ला २१. टाकीच्या घावांचा बारीक पोत हाच जर विषय असेल तर एफ/१६ वर तो आपण आपल्या हाताने पुसतो. स्पष्ट दिसणारी खोली कमी पडली तिथे दोन फोकस घेतले.

रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) १४ बिट, लॉसलेस. पडद्यावरचं चित्र कृष्णधवल ठेवलं, कॉन्ट्रास्ट सर्वांत कमी. त्याचा फायदा खरा आहे, छटांची मांडणी जागेवरच दिसते. पण पडद्यावरचा हिस्टोग्राम (छटांच्या वाटपाचा आलेख) कॅमेऱ्याच्या जेपेगचा असतो. त्यात एखादा चॅनेल एकटाच भरून गेला तर कृष्णधवल पडद्यावर कळत नाही, म्हणून प्रत्येक जागेवर एकदा तिन्ही चॅनेलचा हिस्टोग्राम पाहिला. कॅमेऱ्यातला ‘लाल फिल्टर’ फक्त जेपेगला लागतो. रॉवर त्याचा काडीचा परिणाम नाही.

एक्स्पोजर : करड्या पत्रकापेक्षा भिजलेला पाषाण २ स्टॉप खाली, कोरडा सव्वा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आभाळ चौकटीबाहेर ठेवलं तिथे +१.३ देऊन घेतलं. हिस्टोग्रामच्या उजवीकडे एक्स्पोज करा म्हणजे वरच्या स्टॉपला जास्त पातळ्या मिळतात, हे सगळे सांगतात. १४ बिटच्या १६,३८४ पातळ्यांपैकी ८,१९२ एकट्या वरच्या स्टॉपला जातात, हे खरंच आहे. पण काळ्या दगडात जे सुधारतं ते मुख्यतः जास्त उजेड गोळा झाल्यामुळे. उजेड दुप्पट केला की सिग्नल आणि नॉइजचं (नको असलेल्या ठिपक्यांचं) गुणोत्तर साधारण १.४ पट होतं. पाषाणाच्या फटीत तेवढं पुरतं.

पोलरायझर (चकाकी छाटणारा फिल्टर) लावून पाहिला आणि काढला. ओल्या दगडावर सगळे पोलरायझर लावतात. रंगीत चित्रात ते योग्यही आहे, चकाकी गेली की रंग गडद होतात. इथे मात्र पायरीच्या कडेवर पाण्याची जी पातळ साय आहे, त्या सायीवर पडलेलं आभाळाचं पांढुरकं प्रतिबिंब हाच पायरीचा आकार. पोलरायझर पूर्ण फिरवला की पायरीचा पृष्ठभाग आणि उभा भाग एकाच काळ्यात जातात, उरतो तो डांबराचा ठोकळा. २९ फाइल, त्यातल्या ११ कामाच्या.

१५ जुलै

प्रक्रियेचा क्रम. हा पाळला नाही म्हणून दोनदा मागे यावं लागलं, तेव्हा नीट लिहून ठेवतो :

पहिलं, लेन्सची दुरुस्ती आणि रंगझालर. पुढे सगळं करडंच होणार, मग रंगाच्या झालरीची काळजी कशाला, असं वाटतं खरं. पण झालर म्हणजे लाल, हिरवा आणि निळा चॅनेल एकमेकांवर नीट न बसणं. ते तसेच मिसळले तर कडा धूसर होते, आणि एका चॅनेलचं वजन वाढवलं तर तीच झालर पांढरी किंवा काळी रेघ होऊन समोर येते.

दुसरं, नॉइज. तोही रंग काढून टाकण्याआधी, आणि रंगाचा नॉइज तर आवर्जून. डार्कटेबलच्या ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’चे दोन नमुने लावले, म्हणजे तेच साधन दोनदा. एक फक्त रंगासाठी, पूर्ण ताकदीने. दुसरा उजेडासाठी, २० टक्क्यांवर. रंगाचे ठिपके रंगीत चित्रात फारसे खुपत नाहीत, करड्यात तेच डाग होतात.

तिसरं, व्हाइट बॅलन्स. करडा पत्रक टिपून लावला. हा बदलला की पुढच्या मिश्रणाचा अर्थच बदलतो, तेव्हा एका जागेच्या सगळ्या फाइलींना एकच.

चौथं, एक्स्पोजर आणि टोन इक्वलायझर (उजेडाच्या पातळीनुसार भाग उजळ-गडद करणारं साधन). पाचवं, ‘कलर कॅलिब्रेशन’चा दुसरा नमुना, त्यातल्या ग्रे टॅबमध्ये मिश्रण, म्हणजे तिन्ही चॅनेल ठरावीक वजनाने मिसळून करडं करणं. पहिला नमुना व्हाइट बॅलन्सपुरताच ठेवायचा, दुसऱ्यात अनुकूलन (व्हाइट बॅलन्सचं काम) बंद. सहावं, सिग्मॉइड (सगळ्या छटांचा कॉन्ट्रास्ट ठरवणारा कर्व्ह). कॉन्ट्रास्ट मुळात १.५ असतो, तो पाषाणासाठी १.३५. धार आणि दाणा सगळ्यांत शेवटी, प्रिंटच्या मापावर.

रंग कधी काढायचा याला महत्त्व एवढ्यासाठी, की तीन चॅनेल हातात आहेत तोवरच चूक सुधारता येते. एकदा करडं करून ८ बिट जेपेग केलं की २५६ पातळ्या उरतात, त्यानंतर फक्त ओढाताण.

१९ जुलै

मिश्रण आणि नॉइज. हिशोब कागदावर मांडला. तिन्ही चॅनेलचा नॉइज सारखा धरला तर मिश्रणानंतरचा नॉइज म्हणजे वजनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. वजनं लाल : हिरवा : निळा या क्रमाने.

तिन्ही सारखे, ०.३३ : ०.३३ : ०.३३ धरले तर ०.५८.
०.२ : ०.७ : ०.१ ला ०.७३.
नुसता लाल १ : ० : ० ला १.०.
१.४ : ०.१ : −०.५, म्हणजे आभाळ काळंकुट्ट करणारा नाट्यमय लाल, याला १.४९.

पहिल्यात आणि शेवटच्यात अडीच पटीहून जास्त फरक. आयएसओ १०० च्या फाइलला हौसेने आयएसओ ६०० चा नॉइज आणून लावल्यासारखं झालं. प्रत्यक्षात आणखी वाईट, कारण चॅनेल सारखे नसतात. सेन्सरवरच्या रंगजाळीत, म्हणजे बेयर जाळीत, निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. दिवसाच्या उजेडात व्हाइट बॅलन्ससाठी लाल जवळपास दुपटीने गुणला जातो, निळा दीडपटीने, आणि गुणाकारात नॉइजही मोठा होतो. झाडाखालच्या सावलीत लालाची गरज आणखी वाढते.

याचा अर्थ लाल फिल्टरची नक्कल करू नये असा नाही. वजनांची बेरीज १ ठेवून ऋण वजन −०.२ च्या खाली नेऊ नये, एवढाच नियम या कामापुरता घातला.

मेणवलीच्या पाषाणाला ०.३० : ०.५५ : ०.१५ दिलं आणि विषय संपवला. दगड करडा आहे, मिश्रण बदलून फरक पडतो तो फक्त फटींतल्या शेवाळाला. कोणी पाषाणाच्या फोटोवर आठही रंगांचे स्लायडर हलवत बसलं असेल तर ते नुसतं नॉइज ढवळतंय.

२७ जुलै

रत्नागिरी तालुका, गडगे. दिवसभर सर. गाडीतल्या एसीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर बाहेरच्या दमट हवेचं दव बसतं आणि पुसून जात नाही, कारण काच अजून गारच असते. उपाय एकच : पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद, काचा उघड्या, कॅमेरा बंद पिशवीतच. दोन चौकटींवर मधोमध धुरकट डाग आला तो याच चुकीने. असा डाग कृष्णधवलात ‘धुकं’ म्हणून खपेल असं वाटतं, खपत नाही. धुकं अंतराप्रमाणे वाढतं, हा डाग जवळच्या दगडावरही तेवढाच असतो.

गडगा म्हणजे चुनामातीशिवाय नुसते एकावर एक रचलेले दगड. जुन्या गडग्यात ओबडधोबड जांभा, नव्यात चिऱ्याचे तुकडे. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर चक्रीच्या अर्धगोल रेघा असतात, त्या तिरप्या उजेडात अगदी स्पष्ट दिसतात. जुन्याच्या भोकाभोकांत शेवाळ आणि नेचे. आज ढगांमुळे तिरपा उजेड नाही, म्हणून आकाराचं सगळं ओझं रंगाच्या फरकावर. इथे पोलरायझर लावला. ओल्या पानांवरची चकाकी जवळजवळ पांढरी असते आणि हिरव्यातला रंगच धुऊन टाकते. रंग धुतला गेला की चॅनेल वेगळे करायला उरतं काय? दीड स्टॉप गेला, चालेल. ज्या काचेला मेणवलीत हाकलली तीच इथे कामाची.

२८ जुलै

कालच्या चौकटींतल्या ७ नंबरचे दोन तुकडे पिकरने मोजले, रेषीय मूल्यं :

जांभा : लाल ०.२२, हिरवा ०.१२, निळा ०.०७.
शेवाळ : लाल ०.१०, हिरवा ०.१६, निळा ०.०५.

डोळ्याला विटकरी आणि पोपटी. आता नुसतं ‘रंग काढा’ केलं, म्हणजे ठरलेली प्रकाशमानतेची वजनं ०.२१ : ०.७२ : ०.०७ लागली, तर जांभा ०.१३८ आणि शेवाळ ०.१४०. शंभरात दोन भागांचाही फरक नाही. चौकट उघडली तर गडगा गायब, नुसती खडबडीत करडी भिंत. शेवाळाच्या चौकटी ‘कृष्णधवलात चालत नाहीत’ म्हणून टाकून दिल्या जातात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, आणि मग त्यावर कॉन्ट्रास्ट चढवला जातो. सारख्याला कितीही ताणलं तरी सारखंच राहतं.

मिश्रण ०.६ : ०.५ : −०.१ केलं. जांभा ०.१८५, शेवाळ ०.१३५. जवळपास अर्ध्या स्टॉपचा फरक, दगड मधल्या करड्यावर येऊन बसला. नॉइजचा आकडा ०.७९, सोसण्यासारखा.

१.० : ०.१ : −०.१ केलं तर फरक पूर्ण एक स्टॉप. पडद्यावर फारच देखणं. पण नेच्याच्या पानांवरची शीर गेली आणि दगडाच्या भोकांत ठिपके दिसायला लागले. नको.

उलट बाजूही पाहिली, नुसता हिरवा. शेवाळ उजळ, दगड गडद, फरक ०.४ स्टॉप, आणि फाइल सर्वांत स्वच्छ, कारण हिरवे पिक्सेलच निम्मे. नेचे चांदीसारखे दिसतात. दोन चौकटींसाठी हाच ठेवला. गडगा विषय असेल तर लालाकडे, गडग्यावर उगवलेलं विषय असेल तर हिरव्याकडे, एवढं साधं आहे हे.

नुसता निळाही करून बघितला, उत्सुकतेपोटी. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या कोलोडिअनच्या काचा निळ्या-जांभळ्या उजेडालाच संवेदनशील होत्या. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं आणि तांबडं सगळं काळं. नुसत्या निळ्यात जांभा तसाच काळा होतो, ०.०७ वर. दिसायला जुनं दिसतं, पण मोठं केलं की कीस पाडल्यासारखा नॉइज. त्या काचांवरचं बारीक तपशील निळ्या चॅनेलमधून मिळणार नाही. हवंच असेल तर निळा ०.६, हिरवा ०.४ इथवर थांबावं.

४ ऑगस्ट

आभाळ असलेल्या दोन चौकटी, दोन वेगळी दुखणी.

चौकट ३, घाटामागे नुसतं ढगाळ आभाळ. लाल वाढवला, काही झालं नाही. होणारच नव्हतं. आभाळ काळं करायला आधी त्यात निळं लागतं आणि पावसाळी ढगात तिन्ही चॅनेल सारखेच. इथे टोन इक्वलायझरने वरचे दोन खांब, ० आणि −१ ईव्ही (ईव्ही म्हणजे स्टॉप), ०.५ ने खाली घेतले. मुखवटा (बदल कुठे लागणार ते ठरवणारा नकाशा) आधी डोळ्यांनी पाहून घ्यायचा. तो दगडाच्या कडेला चिकटून थांबला पाहिजे. पसरला तर देवळाच्या शिखराभोवती उजळ वलय येतं.

चौकट ५ मध्ये ढगांच्या फटीत खरंच निळं होतं. आधी रंगांच्या स्लायडरने निळा −७० नेऊन पाहिला. डोंगराच्या कडेवर एक-दोन पिक्सेलची पांढरी रेघ उठली. कारण सरळ आहे : कडेवरच्या पिक्सेलमध्ये डोंगराचं हिरवं आणि आभाळाचं निळं मिसळून रंग फिका पडलेला असतो. स्लायडर त्याला ‘निळा’ म्हणून ओळखतच नाही, शेजारचं आभाळ काळं होतं आणि ही पट्टी उजळच राहते. तेच काम तीन चॅनेलच्या एकसंध मिश्रणाने केलं, ०.८ : ०.३ : −०.१, तर रेघ नाही. आभाळ थोडं कमी काळं झालं. झालं तर झालं.

५ ऑगस्ट

कालच्याच फाइलचं जेपेग मुद्दाम ओढून पाहिलं. आभाळात १७० पासून १९० पर्यंत चढत जाणारी छटा, म्हणजे ४००० पिक्सेलमध्ये २० पायऱ्या, प्रत्येकी २०० पिक्सेल रुंद. कॉन्ट्रास्ट वाढवला की पट्टे मोजता येतात. १६ बिटमध्ये काहीच नाही. एवढं पुरे.

११ ऑगस्ट

घंटेची चौकट. मेणवलीच्या घाटावर वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. आतल्या अंधारात ट्रायपॉडला जागा मिळाली नाही म्हणून हातावर, आयएसओ १६००, एफ/४. बाकीच्या ११ चौकटी आयएसओ १०० च्या आणि ही एकच दाणेदार. ओळीने टांगल्या तर हीच खुपणार.

दोन रस्ते होते. हिचा नॉइज घासून काढायचा, किंवा बाकीच्यांना थोडा दाणा द्यायचा. घासून पाहिलं. घंटेचा धातू प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत झाला, ओतकामाचा खडबडीतपणा गेला. म्हणून दुसरा रस्ता.

दाणा कसा दिला : शेवटच्या मापाची १६ बिट टिफ गिंपमध्ये. वर ५० टक्के करड्याचा थर, त्यावर गॉसिअन नॉइज, मग ०.६ पिक्सेलचा ब्लर, थराचा प्रकार ओव्हरले, अपारदर्शकता १२ टक्के. ओव्हरलेमुळे दाणा मधल्या छटांत जास्त आणि पूर्ण काळ्या-पांढऱ्यात जवळपास शून्य राहतो, फिल्मच्या प्रिंटवरही साधारण तसंच दिसतं. ब्लर न देता टाकलेला नॉइज एक-एक पिक्सेलचा आणि टोचरा, तो दाणा वाटत नाही, बिघाड वाटतो.

दाण्याचं माप कागदावर ठरवायचं. ३६० पीपीआयला एक पिक्सेल ०.०७ मिमी, दोन पिक्सेलचा दाणा ०.१४ मिमी. हातभर अंतरावरून निरोगी डोळ्याला साधारण एवढंच दिसतं. म्हणजे दाणा ‘आहे’ असं वाटतं, मोजता येत नाही. हवं होतं तेच. पडद्यावर १०० टक्क्यांवर बघून दाणा ठरवला तर तो नेहमी कमी पडतो.

१८ ऑगस्ट

पाषाणावर लोकल कॉन्ट्रास्ट. १५० टक्क्यांवर नेलं की पायऱ्या पोलादी दिसू लागतात, प्रत्येक टाकीच्या घावाला काळी कड आणि पांढरा काठ. हा जो ‘कडक’ थाट हल्ली सगळीकडे दिसतो तो दगडाला सर्वांत मारक. भिजलेला पाषाण मऊ दिसतो. त्याच्यातला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग यांत अंतर मोठं असतं, पण शेजारच्या दोन छटांत फार थोडं. १२० च्या वर एकही चौकट नेली नाही.

त्याऐवजी टोन इक्वलायझरचे −५ आणि −६ ईव्ही खांब ०.४ ने वर. फटींत पोत दिसतो, काळं काळंच राहतं. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीत पोत दिसणारी सावली तिसऱ्या झोनवर, मधला करडा पाचव्यावर. तोच मापदंड धरला : कोरड्या दगडाची सावली तिसऱ्यावर, ओली फट दुसऱ्यावर, आणि पूर्ण काळं म्हणून चौकटीत फक्त पायऱ्यांच्या सांध्यांची रेघ. पूर्ण पांढरं कुठेच नाही, पाण्याच्या सायीवरसुद्धा नाही. तिथे २४० च्या पुढे गेलं की कागदाचा कोरा पांढरा उघडा पडतो आणि साय फाटल्यासारखी दिसते.

चौकट २ मध्ये एक पायरी अजून मुकी आहे. उजवीकडची तिसरी. पुन्हा बघायची.

२५ ऑगस्ट

पडदा आणि पहिली पट्टी. पडदा कॅलिब्रेट केला : ९० कॅन्डेला, गॅमा २.२, डी६५. आधी तो २०० च्या पुढे होता. ‘प्रिंट काळी येते’ या तक्रारीचा उगम छपाईयंत्रात शोधण्याआधी पडद्याचा उजेड कमी करून बघावा.

२१ घरांची करडी पट्टी, ० ते १०० टक्के शाई, पाच-पाच टक्क्यांनी. शिवाय शेवटच्या १० टक्क्यांसाठी एकेका टक्क्याची वेगळी पट्टी. दोन कागद : सुती मॅट ३०८ ग्रॅमचा, किंचित चकचकीत बरायटा ३१५ ग्रॅमचा. छपाई रंगद्रव्याच्या शाईने, यंत्राच्या कृष्णधवल मोडमध्ये, म्हणजे मुख्यतः काळी आणि करड्या शाया. साध्या रंगीत मोडमध्ये करड्यासाठी निळसर-गुलाबी-पिवळी शाई जास्त पडते. मग ट्यूबलाइटखाली प्रिंटची झाक एक आणि खिडकीपाशी दुसरी.

२४ तास वाळू दिल्यावर पाहिलं. मॅटवर ९४ च्या पुढची घरं एकजीव, बरायटावर ९७ पर्यंत वेगळी ओळखू येतात. मॅटची सर्वांत गडद घनता १.६५ च्या आसपास म्हणजे एल-मूल्य (० काळं, १०० पांढरं) १७, बरायटाची २.३ म्हणजे साडेचार. पाषाणाच्या फटी बरोबर याच पट्ट्यात राहतात. निर्णय तिथेच झाला : पाषाण बरायटावर, गडगे मॅटवर. एकाच संचात दोन कागद नकोत असं म्हणणारे असतील. त्यांनी मॅटवरची चौकट २ पाहावी, वरच्या पायऱ्या कोळशाच्या पोत्यासारख्या आल्यात.

१ सप्टेंबर

बरायटाचा एक ताव वाया. कडेला दोन तिरप्या काळ्या ओरखड्यांच्या रेघा, शाईचं डोकं कागदाला घासलं. खोलीची आर्द्रता ८६ टक्के, कागद पाणी पिऊन कडांना वर उचललेला. उपाय : पाकीट बंद डब्यात सिलिका जेलसह, छपाईच्या आधी दोन तास ५५ टक्क्यांच्या खोलीत, ताव उलटा वळवून सपाट करणं, आणि यंत्रातलं प्लेटन अंतर (शाईचं डोकं आणि कागद यांमधलं) ‘रुंद’. अंतर वाढवलं की धार किंचित कमी होते, पण ताव वाचतो. पावसाळ्यात नोझलची तपासणी रोज करायची, यंत्र चार दिवस बंद राहिलं असेल तर दोनदा.

८ सप्टेंबर

गडग्यांच्या पाच प्रिंट मॅटवर झाल्या. मॅटसाठी काळ्याचं टोक उचलावं लागलं : कर्व्हमध्ये ० चं १२ केलं आणि मधल्या छटा किंचित खाली ओढून कॉन्ट्रास्ट सांभाळला. नुसतं काळं उचललं तर प्रिंट धुरकट होते. शार्पनिंग मॅटला थोडं जास्त लागतं, शाई कागदात पसरते. अनशार्प मास्क, त्रिज्या १.२ पिक्सेल, प्रमाण ०.७. पडद्यावर ते बोचरं दिसतं, कागदावर बरोबर येतं. बरायटाला ०.९ आणि ०.५ पुरे.

बाहेरच्या एका लॅबमध्ये तुलनेसाठी ७ नंबर रासायनिक रंगीत कागदावर काढून आणली. करड्यात हिरवट झाक आली. फाइल ग्रेस्केल पाठवली होती, बहुधा प्रोफाइल न वाचता वेगळंच गृहीत धरलं गेलं, त्यामुळे मधल्या छटाही गडद. दुसऱ्यांदा आरजीबी करून, तिन्ही चॅनेल सारखे, एसआरजीबी प्रोफाइल जोडून पाठवली. गडदपणा गेला, झाक राहिली. तो कागदच रंगीत रसायनाचा, तीन रंगांच्या समतोलातून करडा बनवतो, समतोल रोज थोडा हलतो. कृष्णधवलाला तो वापरायचा तर हलकी तपकिरी छटा मुद्दाम द्यावी, म्हणजे झाक दिसत नाही.

१५ सप्टेंबर

जतन. प्रत्येक चौकटीची रॉ, तिची एक्सएमपी (डार्कटेबलमधल्या बदलांची नोंद), आणि १६ बिट ग्रे टिफ, दाणा आणि धार न देता. ६००० × ४००० × २ बाइट म्हणजे ४८ एमबी. आरजीबी ठेवली तर १४४. करड्यासाठी तिप्पट जागा कशाला? छपाईची फाइल वेगळी, नावात कागद आणि तारीख.

पडद्यासाठी २०४८ पिक्सेल, एसआरजीबी, जेपेग ९०, दाणा अर्ध्यावर. दाणा पूर्ण ठेवला की फाइल फुगते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली की दाबताना दाण्याचे चौकोनी डाग होतात. तिथे पाठवायची असेल तर दाण्याशिवायच पाठवावी.

खास कृष्णधवल सेन्सरचा कॅमेरा, म्हणजे २०१२ पासूनचे लायकाचे मोनोक्रोम किंवा २०२३ चा पेंटॅक्स, या कामाला चालला असता का? पाषाणाला उत्तम. रंगजाळी नाही, म्हणून उजेड जास्त, डीमोझेक (प्रत्येक पिक्सेलचे उरलेले रंग शेजाऱ्यांवरून भरून काढणं) नाही, म्हणून धार खरी. गडग्याला अवघड. तिथे लाल की हिरवा हे जागेवरच काचेचा फिल्टर लावून ठरवावं लागलं असतं, आणि २८ जुलैची सगळी नोंद शटर दाबायच्या आधी करावी लागली असती.

२१ सप्टेंबर

चौकट २, उजवीकडची तिसरी पायरी. मुखवटा काढून फक्त कडेवरच्या सायीला +०.२५ ईव्ही, पृष्ठभागाला हात नाही. छोटी पट्टी बरायटावर, उद्या संध्याकाळी वाळल्यावर खिडकीपाशी बघायची. बसली तर १२ पूर्ण. नाही बसली तर चौकट २ च्या जागी १४ जुलैची २३ नंबर फाइल तयार आहे.